चार वर्षे, एक महिना, सव्वीस दिवस

ज्या सभागृहासाठी हे भाषण लिहिले, त्या सभागृहाने ते ऐकलेच नाही. ११ ऑक्टोबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजीनाम्याचे निवेदन घेऊन संसदेत आले. अध्यक्षांच्या खुर्चीत उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. निवेदन संध्याकाळी सहाला करा आणि त्याची प्रत आधी आमच्याकडे द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. आधी दाखवा मग बोला, ही अट बाबासाहेबांना मान्य होण्यासारखी नव्हती. ते उठून बाहेर गेले आणि कागद वार्ताहरांच्या हाती दिले. त्यामुळे आज आपण हे निवेदन वाचतो ते मोठ्या चमत्कारिक अवस्थेत. पानोपानी ते 'सभागृहाला ठाऊक आहेच' अशा थाटात समोरच्यांशी बोलते, आणि समोर कोणीच नसते.

मजकूर इंग्रजीत आहे, आदल्या दिवशीच्या तारखेचा. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मधली बाबासाहेबांची मराठी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही इंग्रजी सुरुवातीला जरा थंडच वाटेल. तिथे शब्द आसुडासारखा फिरतो. इथे माणूस फाइल उघडून, चष्मा पुसून बसला आहे. पहिल्या वाचनात मलाही तसेच वाटले होते. मग लक्षात आले, की या फाइलीत राग लपलेला आहे तो तारखांमध्ये.

हे माझ्या लक्षात येण्याचे कारण अगदी घरगुती आहे. माझी सगळी नोकरी सरकारी कार्यालयात गेली, त्यातली पहिली वर्षे बारनिशीत. आवक-जावक, नोंद, शिक्का, दिनांक. कागद कोणत्या तारखेला आला, कोणत्या टेबलावर किती दिवस बसला आणि कोणाच्या सहीवाचून अडला, हे बघायची सवय लागली की ती जात नाही. निवृत्त झाले आणि इथे, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले. म्हणजे पुन्हा तेच: सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त. हे निवेदन बहुतेक लोक विवाह, घटस्फोट आणि वारसाहक्काचे हिंदू कायदे बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाची शोकांतिका म्हणून वाचतात, आणि ती त्यात आहेच. मी मात्र ते एका नव्या देशाच्या पहिल्या सरकारचे कामकाज आतून कसे चाले, याचा दप्तरी पुरावा म्हणून वाचते. या वाचनात ते थोडे कमी भावुक होते आणि बरेच जास्त भेदक.

सुरुवात पाहा. आपण मंत्रिमंडळात नाही, हे सभागृहाला अधिकृतपणे नसले तरी अनधिकृतपणे कळलेच आहे, असा कोरडा चिमटा पहिल्याच वाक्यात. मग राजीनाम्याची तारीख २७ सप्टेंबर, आणि पंतप्रधान नेहरूंनी तो दुसऱ्या दिवशी स्वीकारल्याची नोंद. आपल्याआधी मंत्री गेले, त्यांतले काही बोलून गेले, काही न बोलता. आपण बोलणार, कारण न बोलता गेलेल्या माणसाच्या पाठीमागे संशय उरतो. आणि मग तो आकडा: पंतप्रधानांनी बोलावले त्याला आज चार वर्षे, एक महिना आणि सव्वीस दिवस झाले. 'सुमारे चार वर्षे' म्हटले असते तरी कोणाचे काही अडले नसते. पण सव्वीस दिवस मोजणारा माणूस पुढे काय काय मोजणार आहे, याची वर्दी इथेच मिळते.

त्या बोलावण्याची गोष्टही ते एका दमात सांगून टाकतात. आपण विरोधी गोटातले, १९४६ च्या हंगामी सरकारच्या वेळी नालायक ठरवून बाजूला ठेवलेले. मग अचानक निमंत्रण. वाचकाने इथे थांबून आठवावे, की फाळणीने बंगालमधली त्यांची घटना समितीतली जागा गेली होती आणि जुलै १९४७ मध्ये काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून, बॅ. जयकरांनी रिकाम्या केलेल्या जागेवर निवडून आणले होते. पहिल्या मंत्रिमंडळात पंतप्रधान धरून चौदा जण. त्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते, षण्मुखम चेट्टी होते, आंबेडकर होते, म्हणजे काल-परवापर्यंत काँग्रेसच्या विरोधात उभी असलेली माणसे. इतके मोठे मन दाखवून सुरू झालेली सरकारे जगात फार नसतील. पण माणसाला घरात घेणे वेगळे आणि पंगतीला बसवणे वेगळे. निवेदनाचा सुरुवातीचा भाग या फरकाविषयी आहे.

इथे बाबासाहेबांनी एक धोका पत्करला आहे. पाच कारणांतले पहिले कारण त्यांनी स्वतःविषयीचे ठेवले. चतुर वकील असे करत नाही. तो सार्वजनिक कारण पुढे करतो आणि वैयक्तिक दुखणे तळटीपेत ढकलतो. यांनी उलट केले. कायदा खात्याला प्रशासनात वजन नाही, हे आपल्याला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असल्यापासून माहीत होते; ते खाते म्हणजे म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेले साबणाचे रिकामे खोके. आमच्या लहानपणी अशा खोक्यांना दोरा बांधून आगगाडी करत असत, त्यामुळे हे वाचताना मला हसू आले आणि पुढच्याच ओळीला ते विरले. कारण खोके हाती देण्यापूर्वी वचन दिले गेले होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्या काळातली. कायद्याबरोबर कामाचे एखादे खाते द्या, असे त्यांनी पंतप्रधानांना सांगितले होते आणि नियोजनाचे खाते निघेल ते तुम्हाला देऊ, असे उत्तर आले होते. नियोजनाचे काम निघाले उशिरा. आणि निघाले त्या दिवशी आपण बाहेर होतो, एवढेच ते लिहितात. विशेषण नाही, उद्गार नाही.

पुढची कारागिरी तर बारकाईने पाहण्यासारखी आहे. खाती एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे जात होती, कोणाकोणाकडे दोन-दोन तीन-तीन खात्यांचे ओझे होते, आणि आपल्याला कोणी मंत्री परदेशी गेला तर तात्पुरता कार्यभारसुद्धा मिळाला नाही. परराष्ट्र समिती, संरक्षण समिती: नाही. मग आर्थिक व्यवहार समिती निघाली. हा माणूस कोलंबियाचा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा. रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा प्रबंध १९२३ चा. त्या समितीतही नाही. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने त्यांना समितीवर घेतले. पंतप्रधान परतले आणि पुन्हा वगळले. शेवटी निषेध नोंदवल्यावर एका पुनर्रचनेत नाव आले. हा सारा प्रकार निवेदनात मोजक्या वाक्यांत उरकला आहे, आणि त्याची गती एखाद्या प्रहसनाची आहे: दार उघडते, माणूस आत जातो, यजमान येतात, माणूस बाहेर. लेखक मात्र हसत नाही. हसणे वाचकावर सोडले आहे.

दुसऱ्या कारणापाशी सूर बदलतो. दलित आणि मागासवर्गीयांच्या बाबतीत सरकारने काय केले? मागासवर्गीयांसाठी आयोग नेमायचा, त्याच्या शिफारशींवर पुढचे ठरायचे, असे घटनेने सरकारवर सोपवले होते. घटना लागू होऊन वर्ष उलटले आणि सरकारने आयोगाचा विचारसुद्धा केलेला नाही. (तो आयोग पुढे जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष होते साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर.) अस्पृश्यांवरचा जुलूम होता तसाच आहे, हे सांगताना वाक्ये आखूड होतात, प्रश्न येतात. याच भागात ते मुसलमानांच्या संरक्षणाविषयी बोलतात आणि हा उतारा आजकाल सोयीने अर्धा तोडून फिरवला जातो. मुसलमानांची मोठी वस्ती असलेले नयानगर आमच्याकडून रिक्षाने थोड्या मिनिटांवर आहे. माझ्या मोबाइलवरही तो अर्धा उतारा एकदा येऊन गेला. अख्खा वाचला तर तर्क असा आहे: गरज असेल तिथे मुसलमानांना संरक्षण द्यावे, या इच्छेत आपण कोणालाच, पंतप्रधानांनासुद्धा, हार जाणार नाही. प्रश्न एवढाच, की संरक्षणाची गरज असलेले फक्त तेवढेच आहेत काय? 'त्यांना का' असा हा प्रश्नच नाही, 'आम्हालाही' असा आहे. तोडून वाचणाऱ्याला नेमका हा फरकच नको असतो.

तिसरे कारण परराष्ट्र धोरण. हा भाग मला सगळ्यांत कच्चा वाटतो. आकडा जबर आहे: वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर. पण त्याच्या आगेमागे बिस्मार्क येतो, बर्नार्ड शॉ येतो, आणि ज्याची स्वतःची वाक्ये इतकी टोकदार तो दुसऱ्यांची सुभाषिते कशाला काढतो, असे मनात येते. काश्मीरवरचा त्यांचा तोडगा, भूभागाची वाटणी, हा तेव्हाही कोणाला पटणारा नव्हता. चार वर्षांत सगळे मित्र दुरावले, हेही मला अतिरेकी वाटते. कोरियाच्या युद्धात दोन्ही बाजू ज्याच्याशी बोलत होत्या असा देश अगदीच एकाकी कसा म्हणावा? या प्रकरणात बाबासाहेब बाहेरून बोलत आहेत. परराष्ट्र समितीत त्यांना बसवलेच नव्हते, आणि गद्यात ते कळते. जिथे त्यांनी फाइल हाताळली तिथे तारखा आहेत, नाही हाताळली तिथे अवतरणे.

आणि मग चौथे कारण येते. लांबीने ते सर्वांत लहान, आणि माझ्या मते या निवेदनाचा कणा. महत्त्वाचे निर्णय समित्यांत होतात, समित्या लोखंडी पडद्याआड चालतात, जे समितीत नाहीत त्यांना तिथे काय शिजते ते कळत नाही, आणि मंत्रिमंडळ हे आधीच झालेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय उरले आहे. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. नोंद करणारे कार्यालय, म्हणजे बारनिशी! देशाचे पहिले मंत्रिमंडळ आणि माझे ते कोपऱ्यातले पहिले टेबल एकाच शब्दात बसावे, हे काही मला सुखाचे वाटले नाही.

दोष दुसऱ्याचे दाखवताना आपला आधी सांगावा. आमची इमारत नव्वदच्या दशकातली. बिल्डरने चाव्या दिल्या, जमीन नावावर करून दिली नाही. पुढे मानीव अभिहस्तांतरणासाठी कागदांची चळत घेऊन हेलपाटे घातले. अगदी सुरुवातीच्या काळात पहिली कमिटी निवडून आली. काय उत्साह होता! पाण्याची टाकी, लिफ्ट, मीटरची खोली, सगळे त्या अकरा जणांनी उभे केले. पण टँकर कोणाकडून घ्यायचा हे ठरायचे जिन्यात, तिघांत. माझ्या हाती सेक्रेटरीपद आले तोवर ती पद्धत मुरली होती. सभेच्या आदल्या रात्री मी इतिवृत्त लिहून ठेवत असे: विषय क्रमांक चार, सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. दुसऱ्या दिवशी फक्त सह्या. काम भराभर होत असे, हे खरे. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारले, "ताई, मी कशाला अनुमोदन दिलंय ते मला सांगता का?" तेव्हापासून मी सभेनंतर लिहू लागले, आणि सभा दोन तास लांबल्या.

बाबासाहेबांची ही तक्रार केवळ दुखावलेल्या माणसाची होती, असे म्हणायला जागा राहिली असती. पण पाच वर्षांनी तीच तक्रार दुसऱ्या एका मराठी मंत्र्याने त्याच पंतप्रधानांविरुद्ध केली. चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेच महाड. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 'मेघदूता'चा मराठीत समश्लोकी अनुवाद करणारे. दोन माणसांच्या प्रकृतीत आणि पूर्वायुष्यात जमीनअस्मानाचे अंतर. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याची घोषणा जून १९५६ मध्ये पंतप्रधानांनी केली. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलैत लोकसभेत निवेदन केले. आपण ते संयुक्त महाराष्ट्राचे निवेदन म्हणून लक्षात ठेवले आहे. पण त्यातला मुख्य बोट ठेवण्याजोगा मुद्दा कामकाजाचा आहे: हा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, टिपण फिरले नाही, सदस्यांना विचारले गेले नाही. देशमुखांचे निवेदन सभागृहाने ऐकले, हा फरक. बाकी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच खोलीच्या दोन खिडक्यांतून पाहिल्यासारखे वाटते.

मग हे पहिले सरकार वाईट चालले का? मला तसे म्हणवत नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्यात कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली निर्वासितांची अलोट गर्दी उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आज तिथल्या कपड्यांच्या बाजारात आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लग्नांचे बस्ते बांधले जातात. साडेपाचशेहून अधिक संस्थाने, त्यांत आपले कोल्हापूर, जंजिरा, सावंतवाडी, कागदावर सही होऊन देशात आली. घटना झाली. आणि बाबासाहेब हे निवेदन लिहीत होते त्याच दिवसांत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात मतपेट्या लाखांनी तयार होत होत्या. निवेदनाला दोन आठवडे झाले आणि २५ ऑक्टोबरला हिमाचलातल्या चिनी तालुक्यात देशातली पहिली मते पडली. सतरा कोटींवर मतदार. ज्या कायद्याने ती पडली, तो लोकप्रतिनिधित्वाचा कायदा संसदेतून पार करून देणारे मंत्री आंबेडकरच होते. इतके दिवस आपण का थांबलो याचे कारण सांगताना ते घटनेचे आणि या कायद्याचे नाव घेतात. म्हणजे सरकारने काय चांगले केले याचा पुरावाही याच निवेदनात आहे, फक्त तो 'मी उशिरा का गेलो' या सबबीच्या रूपात आला आहे. काम न करणाऱ्या सरकारवर असा कागद लिहिता येत नाही. सरकार भराभर काम करत होते म्हणूनच कोणते काम मागे पडते आहे ते दिसत होते.

मागे पडलेले काम म्हणजे हिंदू कोड बिल, पाचवे कारण. इथे निवेदनाचा खरा रस आहे, आणि तो करुण की रौद्र हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यांनी काय केले आहे? बारनिशीतला उतारा काढला आहे. ११ एप्रिल १९४७, विधेयक मांडले. ९ एप्रिल १९४८, प्रवर समितीकडे. १२ ऑगस्ट १९४८, अहवाल. ३१ ऑगस्ट १९४८, विचारार्थ प्रस्ताव. चर्चा फेब्रुवारी १९४९ पर्यंत नाही. मग फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन. डिसेंबरात एक, तारीख १९. सबंध १९५० मध्ये एकही नाही. मग १९५१ च्या फेब्रुवारीत तीन दिवस: ५, ६ आणि ७.

मी कागदाच्या कडेला बेरीज केली. अकरा दिवस. विधेयक मांडल्यापासून सप्टेंबर १९५१ उजाडेपर्यंत चार वर्षे आणि जवळपास पाच महिने, त्यांतले अकरा दिवस. बाबासाहेबांनी बेरीज केलेली नाही. ती करायला वाचकाला भाग पाडले आहे, आणि यासारखी प्रभावी युक्ती मला कोणत्याही भाषणात भेटलेली नाही. आरोप ऐकला की आपण बचाव शोधतो. बेरीज आपण स्वतः केली की शोधायला काही उरत नाही.

मग सप्टेंबर. १७ तारखेला विधेयक पुन्हा सभागृहात आले. सबंध विधेयक वेळेत होणार नाही, निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग करू, असे पंतप्रधान म्हणाले. सर्व जाण्यापेक्षा अर्धे राहिलेले बरे म्हणून बाबासाहेबांनी जड मनाने होकार दिला. काही दिवसांची चर्चा, चार कलमे मंजूर, आणि मग तो अर्धा भागही सोडून द्या, असा निरोप. आपण थक्क झालो, काही बोलू शकलो नाही, असे ते लिहितात. महाडला बोललेला, लंडनच्या गोलमेज परिषदेत बोललेला, घटना समितीत कलमाकलमाला उत्तर दिलेला माणूस इथे सांगतो की मला शब्द सुचले नाहीत. आधीच्या सगळ्या तारखा या एका मुक्या क्षणासाठी रचल्या आहेत.

विधेयकाच्या मरणाचे वर्णन ते इंग्रजी काव्यातल्या जुन्या शब्दकळेने करतात, ज्याच्यासाठी कोणी रडले नाही, कोणी गायले नाही असे मरण. मराठीत आपण एकच शब्द वापरू: बेवारशी. आणि वारसाहक्काच्या विधेयकाला बेवारशी मरण यावे, हा उपरोध त्यांच्या मनात होता की नाही कोण जाणे. पुढे ती प्रसिद्ध प्रतिमा येते, उकिरड्यावर बांधलेल्या राजवाड्याची. वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत सुटणे म्हणजे काय, त्याचे हे चित्र. सबंध निवेदनात गावाकडचा वास असलेली एवढी एकच गोष्ट आहे. इतका वेळ दप्तराची इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून उकिरडा निघतो, तेव्हा तो खरोखर नाकाला जाणवतो. गावकुसाबाहेरच्या समाजातून आलेल्या माणसाला उकिरडा कुठे असतो हे ऐकून माहीत नव्हते.

पंतप्रधानांविषयीचे वाक्य मात्र अत्यंत तोलून लिहिले आहे. ते प्रामाणिक होते, पण हे विधेयक पार पाडायला लागणारी तळमळ आणि निर्धार त्यांच्यापाशी नव्हता, असा निवाडा. पक्षादेश काढला नाही, वेळ दिला नाही. विद्यापीठांची आणि वृत्तपत्रांची विधेयके मात्र पुढे घेतली. हा निवाडा न्याय्य आहे का? अर्धा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विरोध उघड होता, रस्त्यावर मोर्चे होते, पक्ष फुटायच्या बेतात होता आणि निवडणूक तोंडावर. नेहरूंनी ती जिंकली आणि १९५५-५६ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी चार कायदे करून घेतले. म्हणजे निर्धार होता, उशिरा होता. पण मधल्या काळात काय गळून पडले तेही पाहायला हवे. बाबासाहेबांच्या प्रवर समितीने मुलीचा वाटा मुलाइतका केला होता आणि मुलगा जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटेकरी (सहदायाद) होण्याची जुनी रीतच मोडीत काढली होती. १९५६ च्या कायद्यात ती रीत परत आत आली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी सहदायाद व्हायला २००५ साल उजाडले. एका अधिवेशनात वेळ नव्हता, त्याची किंमत अशी अर्धशतकाच्या मापात. बाबासाहेब त्या वेळी मंत्री नव्हते. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत निवडणुकीत त्यांना काजरोळकरांनी हरवले होते, आणि वारसा कायद्याचे वर्ष संपायच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले.

निवेदनातला आणखी एक मुद्दा साधा आहे. आपण आजारी आहोत म्हणून गेलो असे कोणी समजू नये. आजारपणामुळे कर्तव्य सोडणारा मी शेवटचा माणूस. विधेयक लवकर घ्या, मला मग डॉक्टरांच्या स्वाधीन व्हायचे आहे, असे पत्र त्यांनी पंतप्रधानांना ऑगस्टातच लिहिले होते. तेही तारखेसकट, १० ऑगस्ट. पहिल्या ओळीपासून सव्वीस दिवस मोजणारा माणूस स्वतःचे दुखणेसुद्धा दिनांक टाकून दाखल करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. काकू आधीच गेलेल्या. फ्लॅट काकांच्या स्वतःच्या कमाईचा. मुलगा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला; मोठ्या बहिणीची सही झालेली, धाकटीची बाकी. "ती काही नाही म्हणणार नाही, सेक्रेटरीकाकू. तुम्ही पुढची तयारी करून ठेवा." चांगला मुलगा आहे, आजारपणात बापाचे सगळे त्यानेच केले. मी तयारी करून ठेवली नाही. धाकटी वसईहून रविवारी आली, खुर्चीवर बसून मसुदा दोनदा वाचला आणि म्हणाली, "दादा, यात लिहिलंय मी स्वखुशीनं सोडतेय. मला अजून कुणी विचारलंच नाही." भांडण झाले नाही. चहा झाला. महिनाभराने मोठीनेही आपला कागद परत मागितला, तो अजून दुय्यम निबंधकाकडे गेलाच नव्हता.

शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाचा तक्ता असतो. दिनांक, ठराव क्रमांक, नव्या सभासदाचे नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. नावाचा रकाना एका माणसापुरता, दीड इंचाचा. सभा झाल्यावर ठराव लिहिला, आणि मग बारीक टोकाचे पेन काढून त्या रकान्यात तीन नावे एकाखाली एक बसवली. तिसरे जरा तिरके गेले.